चौघं मित्र, एक गाडी: प्रवासावरची चावट विनोदी पटकथा टप्प्याटप्प्याने कशी लिहावी

कोल्हापुरातल्या नव्या लेखकांच्या पटकथा माझ्याकडे वाचायला येतात. त्यातल्या निम्म्या एकाच जातीच्या असतात. चार मित्र, एक गाडी, गोवा नाहीतर लडाख, डिकीत बाटल्या आणि वाटेत भेटणाऱ्या मुली. लिहिणारी पोरं हुशार असतात, संवाद झकास लिहितात, पण तिसाव्या पानाच्या आसपास गोष्ट बसकण मारते. मग एकामागून एक प्रसंग येत राहतात आणि कुणीच हसत नाही.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. आधी चावट प्रसंग सुचतात, ते लिहिले जातात आणि त्यांना एकमेकांना जोडायला म्हणून रस्ता आणला जातो. हे उलटं करायला पाहिजे. चावट विनोदात लोक हसतात ते काहीतरी लपवायला धडपडणाऱ्या माणसाला. म्हणून कोण काय लपवतंय हे पहिल्यांदा ठरवायचं. रस्ता त्यानंतर, आणि चावटपणा सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे याच क्रमाने करा. समजायला सोपं जावं म्हणून एकच गोष्ट सगळीकडे उदाहरणाला घेतली आहे.

## टप्पा १: लाजेचा तक्ता

वहीचं एक पान घ्या आणि प्रत्येक पात्रासाठी चार गोष्टी लिहा. काय लपवतोय, कुणापासून, त्यासाठी काय खोटं बोललाय, आणि उघड झालं तर त्याचं काय जाईल. हे पान पुरं होईपर्यंत संवादाची एक ओळही लिहू नका.

आपल्या उदाहरणातला पम्या. रविवारी त्याचा साखरपुडा आहे. होणारी बायको गौरी हिने लाडात येऊन त्याला एक आवाजी निरोप पाठवलेला, "उठा की ओ आता, किती वेळ असं एकटंच लोळणार?" पुढचं चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पम्याने तो मोबाईलच्या गजराला लावलाय. रोज सकाळी साडेदहाला वाजतो, कारण पम्या उठतोच तेव्हा. तो मोबाईल आता हरवलाय आणि हे तो गौरीपासून लपवतोय.

सुऱ्या. पोरींच्या बाबतीत आपल्याला सगळा अनुभव आहे, असं तो कट्ट्यावर पाच वर्षं सांगत आलाय. अनुभव शून्य. मित्रांपासून लपवतोय.

डिग्या. गाडी त्याच्या काकांची. नोकरी सुटून तीन महिने झालेत, घरी माहीत नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि रंकाळ्यावर बसून खातो.

शितली. चौघांत गाडी सगळ्यात चांगली चालवते. बंगळूरला नोकरी लागलीय, पुढच्या महिन्यात कायमची जाणार आहे आणि हे तिने एकालाही सांगितलेलं नाही.

चौघांची गुपितं एकाच माणसापासून नाहीत, एवढं बघा. चौघंही आई-बापापासूनच काहीतरी लपवत असतील तर गाडीत बसल्यावर लपवायला काही उरत नाही. किमान दोन गुपितं अशी हवीत की ती गाडीतल्याच माणसापासून लपवलेली आहेत. नऊशे किलोमीटर एका पत्र्याच्या डब्यात बसून ती सांभाळायची, यात अर्धा सिनेमा आहे.

शितलीसारखं पात्र लिहिताना एक चूक फार दिसते. मुलगी गाडीत असते, पण तिच्या वाट्याला फक्त "शी, काय रे तुम्ही" म्हणणं येतं. तिलाही लाजायला, फसायला, चावट बोलायला जागा द्या. तक्त्यात तिची ओळ रिकामी राहिली असेल तर ती अजून पात्र झालेली नाही.

इशारा: पात्रं अठरा वर्षांच्या वरचीच घ्या. अकरावी-बारावीची पोरं घेऊन चावट प्रसंग लिहिलेल्या संहिता येतात. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे. कायदा बाजूला ठेवला तरी त्यात हसण्यासारखं काही नसतं. पदवी झालेली, नोकरीच्या तोंडावर असलेली पोरं घ्या. गमावण्यासारखंही त्यांच्याकडे जास्त असतं.

## टप्पा २: निघायचं कारण

"चल, फिरून येऊ" हे कारण नाही. कंटाळा आला की माघारी फिरता येतं. कारण असं हवं की माघारी फिरणं पुढं जाण्यापेक्षा महाग पडेल.

पम्याचा सासरा गुळाचा व्यापारी. शाहू मार्केट यार्डात अडत. गुरुवारी संध्याकाळी पम्या पेढीवर गेला, मोबाईल एका उघड्या खोक्यात ठेवून हिशेबाच्या वह्या उचलायला मदत करत बसला. हमालाने खोक्याला चिकटपट्टी मारली. रात्री आठला ट्रक अहमदाबादला सुटला. शनिवारी सकाळी दहाला तिथल्या गोदामाचं शटर उघडणार, साडेदहाला गजर वाजणार. खोक्यावर सासऱ्याच्या पेढीचा शिक्का, आवाज त्याच्या मुलीचा.

वस्तू पुढं सुटलीय आणि माणसं तिच्या मागं धावतायत, हा साचा या प्रकारच्या सिनेमात जुना आहे. अमेरिकेत २००० साली आलेल्या 'रोड ट्रिप'मध्ये एक नको ती टेप चुकून पोस्टात पडते आणि ती ऑस्टिनला पोचायच्या आत गाठायला पोरं इथाकाहून निघतात. साचा घ्यायला हरकत नाही. वस्तू मात्र तुमच्या गावची, तुमच्या बाजारातली हवी. कोल्हापूरचा गूळ गुजरातला जातो हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, म्हणून ट्रक अहमदाबादला का निघाला हे सांगण्यात एक मिनिटही घालवावं लागत नाही.

कारण ठरलं की त्याला तीन प्रश्न विचारा.

जवळपास का होत नाही? मोबाईल ट्रकमध्ये आहे, ट्रक थांबत नाही.

फोनवर का भागत नाही? ड्रायव्हर सासऱ्याचा वीस वर्षांचा माणूस. त्याला सांगितलं की मालकाला कळलंच.

उद्या का चालत नाही? साडेदहा.

दुसऱ्या प्रश्नावर मी स्वतः पडले होते. पहिला मसुदा लिहिला, राजारामपुरीतल्या एका घरी सात-आठ जणांसमोर वाचला. मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक मित्र पाचव्या पानावर म्हणाला, "वहिनी, हरवलेला फोन घरबसल्या पुसता येतोय की. कशाला जातील ही अहमदाबादला?" त्याचं बरोबर होतं. इंटरनेट चालू असेल तर दुसऱ्या फोनवरून सगळा मजकूर उडवता येतो. साठ पानं एका वाक्यात खाली बसली. उपाय त्यानेच सुचवला. पम्या पैसे वाचवायला मोबाईल डेटा बंद ठेवतो, घरच्या वायफायवरच सगळं चालवतो. म्हणजे लांबून पुसता येणार नाही. फोन मात्र चालू, बॅटरी दोन दिवस पुरणारी आणि सायलेंटवर. सायलेंटवर असला की कॉल ऐकू जात नाही, पण बहुतेक फोनमध्ये गजर तरीही वाजतो. ही शेवटची गोष्ट मला आधी ठाऊक असती तर दोन महिने वाचले असते. तुमच्या कथेतल्या वस्तूबद्दल त्या धंद्यातल्या माणसाला आधी विचारा.

तपासा: कारण एका दमात, तीन वाक्यांत, आईला सांगता येतं का? चौथं वाक्य लागलं तर कारण गुंतागुंतीचं आहे.

## टप्पा ३: रस्ता आणि तासांचा हिशेब

कोल्हापूर ते अहमदाबाद साधारण नऊशे किलोमीटर. पुणे, मुंबईची कड, वापी, सुरत, वडोदरा. बहुतेक सगळा राष्ट्रीय महामार्ग ४८. विनोदी सिनेमाला एवढा रस्ता भरपूर होतो. गोवा पाच-सहा तासांत येतो, त्यामुळे गाडीतली माणसं एकमेकांना विटायच्या आत समुद्र दिसतो. लडाखची अडचण उलटी आहे. तिथं निसर्गच एवढा मोठा असतो की माणसं छोटी होतात, शिवाय चित्रीकरणाचा खर्च ऐकून निर्माता उठून जातो.

आता हिशेब. ताशी साठ धरले तर नऊशे किलोमीटरला पंधरा तास. आपली गाडी शुक्रवारी पहाटे एकला निघते, मुदत शनिवारी सकाळी साडेदहा. हातात साडेतेहतीस तास. म्हणजे शिल्लक राहिले साडेअठरा तास, आणि ते तुम्हाला वाया घालवायचे आहेत. कागदावर मांडा:

- झोप: ६ तास
- जेवण, चहा, लघवीचे थांबे: ३ तास
- गाडी बिघडणं: ४ तास
- सीमेवरची पोलिस तपासणी: अडीच तास
- चुकीच्या रस्त्याला लागणं: २ तास

बेरीज साडेसतरा. उरला एक तास, आणि तो शेवटच्या गोदामातल्या गोंधळाला लागणार आहे. बेरीज दहावरच थांबली असती तर प्रेक्षकाला आतून कळतं की वेळ आहे, मग कुणी धावलं तरी त्याच्या पोटात गोळा येत नाही. ट्रक वाटेत का गाठला नाही, हाही प्रश्न येणारच. ताशी पंचेचाळीसने गेलेला ट्रक पाच तासांत सव्वादोनशे किलोमीटर पुढं आहे. साठने जाणारी गाडी तासाला पंधराच किलोमीटर भरून काढते. न थांबता पंधरा तास चालवली तर ट्रक अहमदाबादच्या वेशीवर सापडेल, आणि ही चौघं तर साताऱ्यातच पहिल्यांदा थांबलीत. म्हणजे प्रत्येक चहाला किंमत आली. लघवीला थांबवणारा मित्र आता खलनायक झाला. असले विनोद सुचवावे लागत नाहीत, हिशेबातून आपोआप पडतात.

शक्य असेल तर हा रस्ता एकदा स्वतः करा. किती वाजता कुठं उजाडतं, कुठल्या पट्ट्यात मोबाईलची रेंज जाते, हॉटेलवाला पहिल्यांदा हिंदीत कुठं बोलला, हे टिपून आणा.

## टप्पा ४: खोट्याची हद्द

घरी काय सांगून निघाले, हे लेखक घाईने उरकतात. "मित्राच्या लग्नाला चाललोय" असं लिहून पुढं जातात. पण खोटं किती किलोमीटर टिकतं ते मोजलं की दहा मिनिटांचा माल फुकट मिळतो.

फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा आहे. पैसे कापले की टॅग ज्या मोबाईलला जोडलाय त्याला निरोप जातो. गाडी डिग्याच्या काकांची, म्हणजे प्रत्येक नाक्याला निरोप काकांना. पहिल्या मसुद्यात माझी पोरं "नरसोबाच्या वाडीला चाललोय" सांगून निघाली होती. वाडी पूर्वेला आणि पहिला निरोप किणी टोलनाक्याचा. खोटं अर्ध्या तासात मेलं. मग बदलून "पुण्याला मित्राकडं" केलं. आता किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे चारही नाके खरे ठरतात, काका निर्धास्त. पुण्याच्या पुढं उर्से नाक्याचा निरोप आला की खोटं संपलं आणि काकांचा फोन आला. चार नाके प्रेक्षक निवांत बसतो, पाचव्याला दचकतो.

आता त्यांना नवीन खोटं लागणार आणि ते पहिल्यापेक्षा मोठं लागणार. प्रत्येक खोटं कुठल्या ठिकाणी मरतं ते नकाशावर लाल पेनने लिहा.

इशारा: टोलनाक्यावर सुट्ट्या पैशांवरून भांडण, असा प्रसंग अजून लिहून येतो. टॅग आल्यापासून तो जुना झालाय.

## टप्पा ५: कोण कुठं बसलंय

छोटा टप्पा, पण वगळू नका. गाडीतले प्रसंग कंटाळवाणे होतात कारण चौघं एकाच जागी बसून चाळीस पानं बोलतात. शेजारी बसलेली दोन माणसं एकमेकांकडे न बघता बोलतात, म्हणून कबुलीजबाब पुढच्या सीटवर चांगला होतो. मागं बसलेल्यांना सगळं ऐकू येतं पण चेहरा दिसत नाही. प्रत्येक थांब्यानंतर जागा बदला आणि बदलाचं कारण लिहा: ओकारी, भांडण, झोप, ऊन.

दारू पिऊन गाडी चालवण्यावर विनोद नको. रक्तात शंभर मिलीलिटरमागे तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि आपल्या हायवेवर माणसं खरोखर मरतात. शुद्धीत असलेला चालक लेखकाच्याच फायद्याचा आहे. तिघं बरळत असताना शितली एकटी सगळं ऐकत असते आणि सकाळी तिला सगळं आठवत असतं.

## टप्पा ६: चावट प्रसंग

इथं थांबा. वरची पाच कामं झाली नसतील तर हा टप्पा वाचून उपयोग नाही.

चावट प्रसंगांचा क्रम मिसळीसारखा ठेवा. पहिल्याच घासाला सगळा कट ओतला तर पुढं जिभेला काही कळत नाही. पहिल्या वीस मिनिटांत फक्त शब्दांचा चावटपणा. मधल्या भागात परिस्थितीचा, म्हणजे एक खोली, एक गादी, चुकून उघडलेलं दार. शेवटच्या भागात उघडं पडणं, आणि ते लाजेच्या तक्त्यातलं गुपितच असलं पाहिजे. सुरुवातीलाच कुणाची तरी चड्डी उतरवली तर शेवटी उतरवायला काय ठेवलंत?

नेहमीचा बिघडलेला मसुदा असा असतो. गाडी बंद पडते, पोरं गावात जातात, मेडिकल दुकानात एक तरुण मुलगी असते, सुऱ्या तिला डोळा मारतो, दोन अश्लील वाक्यं टाकतो, मित्र टाळ्या देतात. यात सुऱ्याला काहीच लपवावं लागत नाही. लाज आहे ती मुलीच्या वाट्याला, आणि तिने तर काहीच केलेलं नाही. म्हणून वाचनात अर्धी खोली गप्प बसते.

आता तोच प्रसंग तक्त्यावरून लिहू. वापीजवळ इंजिनाची एक रबरी नळी चिरते. मेकॅनिक म्हणतो, नवीन नळी सुरतेला मिळेल, तोवर पातळ रबर घट्ट गुंडाळा. पातळ रबर म्हणजे काय हे चौघांना एकदमच कळतं. अनुभवी म्हणून सुऱ्याला पाठवतात. काउंटरवर साठीचे गृहस्थ, मागं दोन बायका औषधाची वाट बघत उभ्या.

> सुऱ्या: (हळू) वो... पाकीट देना. वो वाला.
>
> दुकानदार: कोल्हापूरचा काय रे?
>
> सुऱ्या: ...तुम्हाला कसं कळलं?
>
> दुकानदार: हिंदी ऐकून. आम्ही गडहिंग्लजचे. कुठल्या पेठेतला?
>
> सुऱ्या: शिवाजी पेठ.
>
> दुकानदार: कुणाचा?
>
> (सुऱ्या गप्प.)
>
> दुकानदार: बरं, राहू दे. लग्न झालंय?
>
> सुऱ्या: माझ्यासाठी न्हाई ओ काका. इंजिनासाठी पायजे.
>
> (बायका वळून बघतात. दुकानदार चष्मा काढतो.)
>
> दुकानदार: काय होतंय?
>
> सुऱ्या: दम धरत न्हाई. चढ आला की मधीच बंद पडतं.
>
> दुकानदार: किती दिवस झाले?
>
> सुऱ्या: साताऱ्यापासनं.
>
> दुकानदार: दाखवलंस का कुणाला?
>
> सुऱ्या: दाखवलं की. त्यानं हात घालून बघितलं. म्हटला, रबर लावून बघा, झालं तर झालं.
>
> (दुकानदार पाकीट ठेवतो. क्षणभर विचार करून शेजारी अश्वगंधाची बाटली ठेवतो.)
>
> दुकानदार: दुधातनं घे. लाजायचं न्हाई. तुझ्या वयात मलाबी झालं होतं.

सुऱ्याचं एकही वाक्य खोटं नाही आणि एकही शब्द अश्लील नाही. तो गाडीबद्दल बोलतोय, काका माणसाबद्दल ऐकतायत. तमाशातल्या बतावणीत हेच तंत्र आहे: बोलणाऱ्याचं वाक्य स्वच्छ असतं, अर्थ ऐकणारा लावतो. आणि हे सगळं सुऱ्याच्याच अंगावर येतं, कारण पाच वर्षं फुशारकी मारलेल्या पोराला आता अनोळखी माणूस प्रेमाने धीर देतोय. दुकानदार खवचट नाही, मनापासून काळजी करतोय, हे फार महत्त्वाचं. तो हसला तर प्रसंग मेला.

प्रसंग इथंच संपवू नका. ती बाटली गाडीत आली पाहिजे. ती बघून मित्र काय विचारतात आणि सुऱ्या काय उत्तर देतो, तिथं त्याचं गुपित पहिल्यांदा तडकतं. चावट प्रसंगानंतर कुणाचंच काही बदललं नसेल तर तो कितीही हसरा असला तरी काढा.

तपासा: प्रत्येक चावट प्रसंगासमोर लिहा, लाज कुणाला वाटतेय? उत्तर "वाटेत भेटलेल्या बाईला" असं आलं तर प्रसंग पुन्हा लिहा. आंघोळ करणाऱ्या बाईला चोरून बघणं, मोबाईलवर चित्रण करणं, नको म्हणत असताना पाठलाग करणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ आणि ७८ खाली गुन्हे आहेत. हे नायकांची गंमत म्हणून लिहिलेलं मी अजूनही दर महिन्याला वाचते आणि दर वेळी परत पाठवते.

## टप्पा ७: शिव्या आणि भाषा

कोल्हापुरात जवळच्या माणसाला शिवी दिल्याशिवाय हाक पुरी होत नाही. त्यामुळे शिवी काढून टाकली तर पोरं खोटी वाटतात, आणि पानापानावर पेरली तर पाचव्या पानानंतर ती ऐकूच येत नाही. मी एक सोपा नियम पाळते. प्रत्येक पात्राला त्याची एकच ठरलेली शिवी, आणि सगळ्यात जड शिवी अख्ख्या सिनेमात एकदाच, ती पण कधीच शिवी न देणाऱ्याच्या तोंडी.

"नाद खुळा", "जाळ आणि धूर संगटच" असली वाक्यं टाळा. ती टी-शर्टवर छापून झाली आहेत. त्यापेक्षा बोलण्याची मोड पकडा: "जातोय की", "मग काय तर", "असू दे, असू दे".

सीमा ओलांडल्यावर हिंदी येते आणि तिथं खरी खाण आहे. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. पोलिस हवालदाराला डिग्या सांगतो, "साब, हम तो चेष्टा कर रहे थे." हवालदार विचारतो, "किस चीज़ की?" डिकीत काकांची विसरलेली बाटली आहे आणि गुजरातेत दारूबंदी. पुढचं तुम्हीच लिहा, पण हवालदाराच्या गुजरातीची टिंगल करू नका. फजिती आपल्या हिंदीची होऊ द्या.

## टप्पा ८: भांडण आणि गोदाम

साधारण तीन चतुर्थांश सिनेमा झाला की चौघांचं भांडण हवं. बहुतेक संहितांत ते दारू प्यायल्यावर, कुठल्याही कारणावरून होतं. ते तक्त्यातून काढा. शितलीची बंगळूरची नोकरी इथं उघडी पडते. मोठा आरडाओरडा लागत नाही. पम्या एवढंच विचारतो, "कुणालाच सांगितलं न्हाईस?" आणि शितली गाडी बाजूला घेऊन किल्ली त्याच्या हातात देते. दोन पानं विनोद नको. एकही नको. घाबरून इथं कोटी टाकणारे लेखक अख्खा सिनेमा सैल करतात.

गोदामातला शेवट लिहिताना तीनशे एकसारखी खोकी आहेत हे विसरू नका. फोन शोधायचा एकच मार्ग उरतो, गजर वाजायची वाट बघायची. ज्याला थांबवायला आले, त्याच्यावरच आता त्यांची भिस्त. साडेदहा वाजतात, गौरीचा आवाज घुमतो आणि नेमका गोदामाच्या मालकाने सासऱ्याला व्हिडिओ कॉल लावलेला असतो. कोण काय करून तो आवाज झाकतं, हे तुमच्या तक्त्यातल्या सगळ्यात लाजऱ्या पात्राला द्या. माझ्या मसुद्यात सुऱ्या सगळ्यांदेखत तीच वाक्यं गौरीच्या सुरात म्हणायला लागतो.

परतीचा प्रवास तीन पानांत उरका.

## टप्पा ९: प्रमाणपत्र आणि वाचन

सेन्सॉरचं प्रमाणपत्र कुठलं हवं ते लिहिण्याआधी ठरवा, संकलनाच्या टेबलावर नको. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन भाग झाले आहेत. ए मिळालं तर अठराखालच्यांना चित्रपटगृहात प्रवेश नाही आणि सिनेमा तसाच्या तसा टीव्हीवर दाखवता येत नाही. मराठी निर्मात्याला टीव्हीचे पैसे लागतात, म्हणून माझा सल्ला यूए १६+ चा. वरचा मेडिकलचा प्रसंग मी त्या हिशेबानेच लिहिलाय. सिगारेट पडद्यावर आली की खाली इशाऱ्याची ओळ येते. ऐन विनोदात प्रेक्षक ती ओळ वाचत बसतो. गरज नसेल तर सिगारेट काढाच.

मसुदा झाला की मोठ्याने वाचून घ्या. इंग्रजी पटकथेचं एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब देवनागरीत जुळेलच असं नाही, म्हणून घड्याळ लावून वाचा. ऐकायला सात-आठ जण पुरेत. त्यात निम्म्या बायका, एक पन्नाशीपुढचं माणूस आणि तुमचा मित्र नसलेला किमान एक जण. मित्र तुम्हाला हसतात, पानाला नाही. स्वतः वाचू नका, दुसऱ्याकडून वाचून घ्या आणि पेन्सिल घेऊन कोपऱ्यात बसा. सगळे हसले तिथं बरोबरची खूण, फक्त पोरं हसली तिथं गोल, कुणी मोबाईल बघितला तिथं आडवी रेघ. विनोद समजावून सांगायला तोंड उघडू नका.

गोल खुणांची पानं आधी दुरुस्त करा, रेघांची नंतर. दुसरं वाचन नव्या माणसांसमोर, किमान पंधरा दिवसांनी. त्यानंतरच निर्मात्याला दाखवा, आणि दाखवायच्या आदल्या दिवशी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे संहिता नोंदवून ठेवा. नोंदणी झालेल्या प्रतीत नंतर बदल केलेत तर नवीन मसुदा परत नोंदवा.